नवं हार्मोन शोधायला गेले आणि हाती लागला ‘स्ट्रेस’

हिंजवडीचा फेज थ्री म्हणजे मुळशी तालुक्यातलं माण गाव. इथल्या आयटी पार्कात दिवसभर कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘स्ट्रेस’. लोखंडावर, पुलावर येणाऱ्या ताणासाठी इंजिनिअर वापरायचे तो हा शब्द. तो शरीराच्या बाबतीत रूढ केला हान्स सेल्ये यांनी.

सेल्ये यांचा जन्म १९०७ सालचा, व्हिएन्नातला. वडील लष्करात सर्जन. प्रागला डॉक्टरकी शिकताना त्यांना एक गोष्ट खटकली. रोग कोणताही असो, पेशंट चेहऱ्यावरून आजारी दिसतोच. असं का?

पुढे ते कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले. तिथे नवं हार्मोन सापडेल या आशेने ते उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते. उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या झाल्या, जठरात व्रण पडले, थायमस ग्रंथी आक्रसली. सेल्ये खूश झाले. पण खात्री करायला फॉर्मॅलिन टोचलं, तर त्यानेही तेच झालं! हार्मोनचं स्वप्न तिथेच संपलं.

दुसरा कुणी असता तर नाद सोडला असता. सेल्ये यांनी मात्र उंदरांना थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं. परिणाम तोच. ४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटं टिपण छापून आलं. शरीर आधी सावध होतं, मग तग धरतं आणि मारा थांबलाच नाही तर थकतं, असा त्यांचा सिद्धांत.

आक्रसलेली थायमस हा मोठा धागा होता. प्रतिकारशक्तीसाठी ती का लागते, हे जॅक मिलर यांनी दाखवलं ते थेट १९६१ मध्ये.

सेल्ये यांच्या नावाला एक डागही आहे. त्यांनी सिगारेट कंपन्यांकडून पैसे घेतले आणि ताणावर उतारा म्हणून धूम्रपानाची बाजूही मांडली. १९८२ मध्ये मॉन्ट्रियलला त्यांचं निधन झालं.

त्यांचा धागा पुढे मेंदूपर्यंत पोचला. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रखवालदार पेशी असतात. उंदरांवर रोज ताण आणला की या पेशी चवताळतात आणि दाह वाढवणारे रासायनिक निरोप सोडतात. अस्थिमज्जेतल्या पांढऱ्या पेशीही मेंदूकडे धावतात. उंदीर भेदरट होतात. काही आठवड्यांच्या विश्रांतीने ते सावरतात, पण या पेशी टपूनच असतात. पुन्हा थोडासा ताण आला, तरी भीती परतते.