दादासाहेब फाळके आणि हरवलेली आगकाड्यांची मौज

कार्टून म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दोन गट पडतात. एक जपानी अॅनिमेवाला आणि दुसरा टॉम अँड जेरीवाला. भारतातलं पहिलं अॅनिमेशन कुणी केलं असं मी आमच्या मजल्यावर विचारलं, तर कुणी छोटा भीम म्हणालं, कुणी हनुमान. खरं उत्तर आहे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. साल १९१५. फिल्मचं नाव ‘आगकाड्यांची मौज’. आणि ती आज कुणालाच बघता येत नाही, कारण ती हरवली आहे.

फाळक्यांचं नाव आपल्याला माहीत असतं ते पुरस्कारामुळे आणि ‘राजा हरिश्चंद्र’मुळे. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथे जनरल नॉलेजच्या पुस्तकात त्यांच्यावर एकच ओळ होती. पण हा माणूस वाचायला लागल्यावर मला तो सिनेमावाल्यापेक्षा आपल्यासारखा, म्हणजे वर्कशॉपमध्ये हात काळे करणारा वाटला. म्हणून हा लेख.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आलं. मुलगा भटजी-शास्त्री होईल असं वडिलांना वाटत असणार, पण मुलगा १८८५ मध्ये गेला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, मातीकाम, छपाई, जे दिसेल ते शिकला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगने पहिली बायको गेली. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर, मग लोणावळ्याला छापखाना. मधल्या काळात जादूसुद्धा शिकला आणि स्टेजवर ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. फाळके उलटं वाचा, म्हणजे केळफा! आपल्याकडे अशा मुलाला घरचे काय म्हणतात ते सांगायला नको. एक धड नाही, दहा धंदे. पण गंमत बघा, यातलं प्रत्येक काम पुढे सिनेमात वापरलं गेलं. जादूही.

चाळिशीत त्यांनी गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आमच्या शाळेत दर ख्रिसमसला ख्रिस्ताचा सिनेमा दाखवायचे आणि आम्ही मागच्या रांगेत डुलक्या घ्यायचो. फाळक्यांना मात्र पडद्यावर राम आणि कृष्ण दिसायला लागले. मग त्यांनी वेड लागल्यासारखं सिनेमे बघणं सुरू केलं. दिवसभर रिळं, कॅटलॉग, लेन्स, पुन्हा रात्री सिनेमा. झोप नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, काही काळ जवळजवळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्यांनी नजर परत आली. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि दोन महिन्यांत परत.

आता माझ्या आवडीचा भाग. सिनेमाला पैसा द्यायला कोण तयार होणार? तर फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर एकेक चित्र टिपत गेले. पडद्यावर दाणा फुटतो, अंकुर येतो, वेल चढते, सगळं मिनिटाभरात. नाव ‘अंकुराची वाढ’. ती बघून सावकार लोकांनी कर्ज दिलं. आता बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की त्यांनी रोज एक फ्रेम घेतली. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. मूकपट सेकंदाला साधारण १६ फ्रेमने चालायचा. म्हणजे एक मिनिटाला ९६० फ्रेम. रोज एक धरली तर महिन्याच्या ३० फ्रेम, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाही! मिनिटभर फिल्म हवी तर रोज ३२ फ्रेम, म्हणजे दिवसरात्र दर पाऊण तासाला एक. फक्त उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी. तेव्हा माझं मत असं की रोज एक फ्रेम ही पुस्तकी गोष्ट आहे. तो माणूस महिनाभर त्या कुंडीपाशीच बसलेला असणार. आणि घरात हे सगळं चाललेलं असताना सांभाळणारी होती त्यांची दुसरी पत्नी सरस्वतीबाई. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोकं पाडायचं आणि ती धुवायचं कामही त्याच करत. त्यांच्या नावाचा पुरस्कार कुठे ऐकला नाही मी, असो.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. फाळके नाशिकला गेले, दोन सिनेमे केले, १९१४ मध्ये पुन्हा लंडनला जाऊन आपले सिनेमे दाखवून आले. आणि महायुद्ध सुरू झालं. पैसा लावणाऱ्यांनी हात आखडते घेतले. मोठा सिनेमा काढायला पैसे नाहीत, कच्ची फिल्म महाग, स्टुडिओतली माणसं तर पोसायची आहेत. अशा वेळी त्यांनी छोट्या छोट्या फिल्म केल्या. त्यातली एक आगकाड्यांची.

त्याआधी १९०८ मध्ये फ्रान्समध्ये एमिल कोल नावाच्या व्यंगचित्रकाराने आगकाड्यांची अशीच फिल्म केली होती. फाळक्यांना कल्पना तिथून सुचली असं मानतात. रीत सोपी: काड्या मांडा, एक फ्रेम घ्या, काड्या केसभर सरकवा, पुन्हा फ्रेम. पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. सोपी म्हणजे सांगायला. मी आणि माझ्या रूममेटने मागच्या सेममध्ये मोबाईल पुस्तकांवर टेकवून एक काडेपेटी घेऊन करून पाहिलं. दहा सेकंदांसाठी १६० वेळा काड्या हलवल्या, पंखा बंद ठेवावा लागला, घामाने हैराण. आमच्याकडे निदान काढलेला फोटो लगेच बघायची सोय होती. फाळक्यांकडे हाताने फिरवायचा कॅमेरा. फिल्म धुऊन होईपर्यंत काय आलंय ते कळत नाही, आणि मध्ये एक काडी धक्क्याने सरकली तर सगळं पहिल्यापासून.

मग ही फिल्म गेली कुठे? इथे आमच्या मारेगावचा संबंध येतो! यवतमाळ जिल्हा म्हणजे कापूस, आमच्या वणी-मारेगावकडे तर दारापासून दिसतो. त्या काळची फिल्म कापसापासूनच व्हायची. कापसातलं सेल्युलोज नायट्रिक आणि सल्फ्युरिक अॅसिडमध्ये घातलं की नायट्रोसेल्युलोज. जास्त नायट्रेशन झालं तर बंदुकीचा स्फोटक कापूस, कमी झालं तर सिनेमाची फिल्म. दोघं सख्खे भाऊ. म्हणून जुनी नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळते, ऑक्सिजन तिच्या आतच असतो. आणि नाही पेटली तरी उन्हाळ्यात डब्यात पडल्या पडल्या कुजते. आधी चिकट, मग मधासारखे बुडबुडे, शेवटी तपकिरी भुकटी. ४५ डिग्रीत पत्र्याच्या डब्यात काय होत असेल ते आपल्या विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला नको. वर चित्राच्या थरात चांदी असते, म्हणून जुन्या फिल्म चांदी काढण्यासाठी भंगारात विकल्या जायच्या. मूकपटांची बहुतेक रिळं अशीच संपली.

जे उरलं ते एका माणसाच्या चिकाटीने. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय निघालं आणि पुढच्या वर्षी पी. के. नायर तिथे आले. ते नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत पोचले आणि तुकडे गोळा केले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चे सुटे तुकडे फाळक्यांच्याच टिपणांवरून क्रमाने जोडले. त्यात कृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आधी नुसतेच चेहऱ्याचे हावभाव करून दाखवते, मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. ‘राजा हरिश्चंद्र’ची फक्त पहिली आणि शेवटची रिळं मिळाली, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. अशी फिल्म सापडली की फाटकी भोकं सांधायची, साफ करायची, मग प्रत छापताना तिला अशा द्रवातून न्यायची की ज्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स फिल्मइतकाच असतो. ओरखड्यात द्रव भरतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. फर्स्ट इयरच्या फिजिक्सचा इतका सुंदर उपयोग मला कुणी वर्गात सांगितला नव्हता. पण त्यासाठी डबा मिळायला हवा. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या गोदामाला आग लागली त्यात आणखी किती गेलं. कोलच्या आगकाड्या फ्रान्सच्या गोमाँ कंपनीने जपल्या. त्याच्या फिल्म डीव्हीडीवर निघाल्या, घरी बसून बघता येतात. आपल्या आगकाड्यांचा डबा नायरांनाही मिळाला नाही. नायर २०१६ मध्ये गेले. ते संग्रहालय २०२२ पासून एनएफडीसीत विलीन झालं आहे.

फाळक्यांचं पुढचं थोडक्यात. १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालला. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्तान फिल्म कंपनी, मग भांडणं, रुसून काशीला जाणं, तिथे नाटक लिहिणं, परत येणं. बोलपट आला आणि काळ पुढे गेला. १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा. सुमारे ९५ चित्रपट आणि पंचवीसच्या वर लघुपट करूनही हातात काही उरलं नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये.

‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाच्या त्यांच्या एका छोट्या फिल्मचा तुकडा मात्र वाचला आहे. इंटरनेटवर मिळतो, नेट बरं असेल तेव्हा बघा. आवाज नाही. फाळके स्वतः त्यात दिसतात, नटांना सूचना देतात, कामात गढलेले, आणि एका ठिकाणी फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून बारीक डोळ्यांनी तपासतात.