हॅरी ब्रेअर्ली आणि न गंजणारें पोलाद

नया नगरांतील आम्हां सर्वांच्या घरीं स्टेनलेस स्टीलचीं भांडीं आहेत. शेजारच्या भाईंदरांत तीं घडविणारे कारखानेही आहेत. तरीही खाडीच्या या खाऱ्या हवेंत त्यांवर कधीं कधीं तांबूस डाग पडतात. न गंजणाऱ्या पोलादावर डाग कां पडावा? या पोलादाच्या शोधकाचें चरित्र पाहिलें म्हणजे याचा उलगडा होतो.

हॅरी ब्रेअर्ली याचा जन्म १८७१ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं झाला. वडील पोलाद वितळविणारे कामगार होते व घरीं गरिबी होती. बाराव्या वर्षीं शाळा सुटली आणि हॅरी वडिलांच्याच कारखान्यांत लागला. पुढें तेथील प्रयोगशाळेंत बाटल्या धुण्याचें काम त्यास मिळालें. दिवसा काम आणि रात्रीं रसायनशास्त्राचा अभ्यास, असा क्रम त्यानें अनेक वर्षें चालविला. १९०८ सालीं दोन पोलाद-कंपन्यांनीं मिळून संशोधनशाळा काढली, तेव्हां तिचें प्रमुखपद त्यालाच मिळालें.

१९१२ सालीं बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबविण्याचें काम ब्रेअर्ली यांजकडे आलें. १३ ऑगस्ट १९१३ रोजीं त्यांनीं ओतविलेल्या पोलादांत शेंकडा सुमारें १३ भाग क्रोमियम होतें. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यापूर्वीं नमुन्यास आम्ल लावीत. परंतु हें पोलाद आम्लास दाद देईना. असें पोलाद जेवणाच्या सुऱ्यांस योग्य, हें त्यांनीं ओळखलें. मालकांनीं आरंभीं तें मनावर घेतलें नाहीं. पुढें शोधाच्या हक्कावरून तंटा झाला व १९१५ सालीं त्यांनीं ती नोकरी सोडली. १९२० सालीं त्यांस बेसेमर सुवर्णपदक मिळालें. १९४१ सालीं त्यांनीं एक धर्मादाय निधि स्थापन केला. १९४८ सालीं ते निवर्तले.

आतां डागांविषयीं. क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन भांड्यावर अदृश्य थर बनतो. तोच पोलादाचें रक्षण करितो. मीठ त्या थरास भेदतें. लोखंडी घासणीचे कण भांड्यावर राहिले, तर तेच गंजतात. म्हणून खारट पदार्थ भांड्यांत फार वेळ ठेवूं नयेत. मऊ घासणी वापरावी. भांडें स्वच्छ पाण्यानें धुवून कोरडें पुसावें. हलका डाग लिंबाच्या रसानें निघतो. स्वच्छ भांड्यावर हवा लागतांच तो थर पुनः बनतो.

बालमित्रहो, बाटल्या धुणाऱ्या त्या मुलानें रोजच्या अभ्यासांत खंड पडूं दिला नाहीं, म्हणूनच तो शोधक झाला. न गंजणाऱ्या पोलादासही रोजची निगा लागते, हें भांडीं पुसतांना आपण ध्यानांत ठेवूं या.