हृदयातले बुडबुडे आणि जॉन स्कॉट हाल्डेन

मी धरमतरचा. आमच्या खाडीत बार्जची ये-जा रोजची, त्यामुळे पाण्यातली कामं लहानपणापासून पाहतोय. माझा चुलतभाऊ खोल समुद्रात डायव्हिंग करतो. मागे घरी आला तेव्हा सहज बोलून गेला की, वर आल्यावर सांधे ठणकतात, कधी छातीत दाटतं. थकवा असेल म्हणाला. मला मात्र हाल्डेन आठवले.

जॉन स्कॉट हाल्डेन यांचा जन्म 1860 मध्ये एडिनबरोत झाला. शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्य गेलं हवेचा अभ्यास करण्यात. खाणीतला विषारी वायू ओळखायला सोबत छोटे पक्षी न्या, हा सल्ला त्यांचाच. अनेक प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. पुढे ब्रिटिश नौदलाने त्यांच्याकडे पाणबुड्यांचा प्रश्न सोपवला.

प्रश्न असा : दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळतो. घाईने वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात.

हाल्डेननी शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून पाहिलं. दाब निम्मा केला तर सहसा त्रास होत नव्हता. म्हणून अर्ध्या दाबापर्यंत लवकर या, मग टप्प्याटप्प्याने थांबत वर या, अशी कोष्टकं त्यांनी सहकाऱ्यांसोबत 1908 मध्ये छापली. पुढे त्यांत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण थांबत वर येणं आजही तसंच आहे. 1936 मध्ये ते वारले.

आता हृदयाचं. बुडबुडे शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूला येतात आणि बहुतेक फुप्फुसात गाळले जातात. फार झाले तर तिथली वाट तुंबते, हृदयावर ताण येतो, श्वास कोंडतो. शिवाय साधारण चारपैकी एका माणसाच्या हृदयात, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात, जन्माआधीची फट उरलेली असते. तिच्यातून बुडबुडा डावीकडे गेला तर थेट मेंदूत किंवा हृदयाच्याच रक्तवाहिनीत अडकू शकतो. उपाय म्हणजे लगेच शुद्ध ऑक्सिजन आणि पुन्हा दाबाच्या टाकीत उपचार.

हे सगळं भावाला सांगितलं. फट निघाली तर काम सुटेल, म्हणून तो तपासणी टाळत होता. शेवटी काकूंनी धाडलाच. रिपोर्ट यायचाय. तुमच्या घरात कुणी डायव्हर असेल तर छातीतलं दुखणं थकव्यावर घालू नका.