टाकलेल्यांची आई : पंडिता रमाबाई

स्मरणिकेसाठी काही लिही, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. मी सातवी शिकलेली घरातली बाई, मला काय लिहिता येणार? पण पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचल्यापासून एक गोष्ट मनाला टोचते आहे, म्हणून हे चार शब्द.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी शिकू नये अशा त्या काळी त्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुढे मोठा दुष्काळ पडला. बहात्तरच्या दुष्काळातील सुकडीच्या गोष्टी आपण सासूबाईंच्या तोंडून ऐकल्या आहेत, तेव्हा तर तेवढाही आधार नव्हता. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. आईला न्यायला पुरेशी माणसेही मिळेनात. रमाबाईंनी स्वतः खांदा दिला. जगात आपले कोणी नाही म्हणजे काय, हे त्या पोरवयातच शिकल्या.

भावाबरोबर पायी फिरत त्या 1878 मध्ये कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच साली बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण दोन वर्षे होत नाहीत तोच तेही पटकीने गेले. पदरी लहानगी मनोरमा.

1883 मध्ये त्या विलायतेस गेल्या. तेथे ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या बायकांची मायेने सेवा करीत होत्या. ज्यांच्याकडे आपण पाहतही नाही, त्यांना कोणी जवळ घेते हे पाहून रमाबाई चकित झाल्या. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची व येशूची गोष्ट वाचून दाखविली. त्याच साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्याकडे पुष्कळ लोक रागावले. तो वाद मोठ्यांचा, मला त्यात शिरायचे नाही. मी त्यांनी केलेल्या कामाकडे पाहते.

1889 मध्ये मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे तेथेच शिकल्या. 1893 मध्ये धर्मांतराच्या संशयावरून गदारोळ झाला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाईंनी काम सोडले नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांवर माणसे होती. वाट चुकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन होते. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. नुसते जेवू घालून बाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना असे प्रत्येकीच्या हाताला काम दिले. कोणाला ओझे वाटू दिले नाही. बायबलचे सोपे मराठी भाषांतर बाईंनी केले, तेही तेथेच बायकांनी छापले. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी बाईही गेल्या. मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे.

आता मनाला टोचते ती गोष्ट. मागल्या संक्रांतीला मी गल्लीत घरोघर बोलावणे केले. एका घरापुढून मात्र तशीच पुढे गेले, कारण तेथील बाईंचे यजमान वारले होते. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिले, आणि त्याच आत वळल्या. मी वाईट वागले नाही असे मनाला समजावीत राहिले. रमाबाईंचे चरित्र वाचल्यावर ते समजावणे संपले.

आपल्याला केडगाव उभारता येणार नाही, पण ओटा ओलांडून हाक तर मारता येईल? येत्या संक्रांतीला मी पहिले बोलावणे त्याच घरी करणार आहे. वाणही देणार आणि शेजारी बसवणार. मंडळाच्या हळदीकुंकवालाही अशा सगळ्या जणींना बोलवावे, एवढीच विनंती. चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.