फोनच्या काचेवरचा ओरखडा आणि फ्रीड्रिख मोस नावाचा माणूस

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी साठवलेल्या पैशांतून पहिला स्वतःचा फोन घेतला. त्याच दिवशी दुकानातच टेम्पर्ड ग्लासही बसवून घेतली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 9एच छापलेलं होतं. दुकानदाराने समजावलं की हिरा 10 नंबरवर असतो आणि ही काच 9 वर, म्हणजे आता टेन्शनच नाही. मला ते एकदम पटलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही मित्र अलिबागला गेलो. फोन जीन्सच्या खिशात, आणि त्याच खिशात थोडी वाळू. घरी येऊन पाहतो तर ग्लासवर चांगले चार-पाच ओरखडे, आणि कडेला जिथे ग्लास पोचत नव्हती तिथे मूळ स्क्रीनवरही एक. वर्षभराने फोन विकायला काढला तेव्हा त्या एका ओरखड्यावर बोट ठेवून समोरच्याने दीड हजार रुपये कमी केले.

9 नंबरच्या काचेवर साध्या वाळूने ओरखडा कसा पडतो? हे शोधता शोधता मी ज्या माणसापर्यंत पोचलो त्याचं नाव फ्रीड्रिख मोस. यूट्यूबवर फोनची स्क्रीन टोकदार पेनांनी खरवडून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यात 6 नंबरला बारीक आणि 7 नंबरला खोल ओरखडा पडतो. ते नंबर याच माणसाचे, 1812 सालचे.

खाणीतून बँकरच्या बंगल्यात

मोसचा जन्म 29 जानेवारी 1773 रोजी जर्मनीतल्या हार्झ डोंगराळ भागात, गेर्नरोड या गावी झाला. हार्झ म्हणजे जुन्या खाणींचा प्रदेश. हाले विद्यापीठात त्याने गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून घेतलं आणि मग फ्रायबर्गच्या खाण अकादमीत गेला. तिथे त्याचे गुरू होते आब्राहाम वेर्नर, त्या काळातलं खनिजशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव.

वेर्नर यांची शिकवण अशी की दगड हातात घ्या आणि इंद्रियांनी ओळखा. रंग बघा, चमक बघा, वजन जोखा, कस बघा. कस म्हणजे खनिज खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ. सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासतो तोच हा प्रकार. हेमॅटाइट हे लोहखनिज दिसायला काळं-करडं असू शकतं, पण त्याचा कस तांबूसच येतो. पायराइट सोन्यासारखं चमकतं, पण कस काळपट. सोन्याचा कस मात्र पिवळाच.

शिक्षणानंतर मोसने खाणीत मुकादम म्हणून काम केलं. 1802 मध्ये तो ऑस्ट्रियात गेला. व्हिएन्नातल्या फान डेर न्यूल नावाच्या बँकरकडे खनिजांचा मोठा खासगी संग्रह होता. त्यातला प्रत्येक नमुना ओळखून त्याची यादी करायची, हे मोसचं काम. ती यादी 1804 मध्ये छापली गेली. पुढे हा संग्रह सम्राटाच्या संग्रहात गेला.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर शेकडो दगड. रंगावर भरवसा ठेवावा तर माणिक लाल आणि नीलम निळा, पण दोन्ही एकच खनिज, कुरुंद. स्फटिक तर पांढरा, गुलाबी, जांभळा, धुरकट, कसाही सापडतो. शिवाय कठीण, मध्यम, मऊ हे शब्द प्रत्येकाचे वेगळे. मला जे कठीण वाटतं ते तुम्हाला मध्यम वाटेल. आणि दुसऱ्याचा महागडा नमुना फोडून किंवा ॲसिडमध्ये टाकून तपासायची तर सोयच नाही.

10 दगडांची पट्टी

1811 मध्ये ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक योहान यांनी ग्राझ शहरात योआनेउम ही संस्था काढली. मोस तिथे प्राध्यापक झाला आणि इथेच त्याची पट्टी तयार झाली. कल्पना अगदी साधी होती. कठीणपणा मोजायचा नाही, फक्त तुलना करायची. जो दगड दुसऱ्यावर ओरखडा पाडतो तो जास्त कठीण. एकमेकांवर दगड घासून बघण्याची रीत जुनीच, ग्रीक काळापासूनची. मोसने 10 ठरावीक खनिजं निवडली, त्यांना क्रमांक दिले आणि सगळ्यांना एकच भाषा दिली:

1. शंखजिरे (टाल्क): टाल्कम पावडर यापासूनच होते
2. जिप्सम: यापासून गणपतीच्या मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं
3. कॅल्साइट: चुनखडीतलं आणि संगमरवरातलं मुख्य खनिज
4. फ्लोराइट
5. ॲपेटाइट: आपल्या दातांवरचं कवच याच जातीचं
6. ऑर्थोक्लेज फेल्डस्पार: ग्रॅनाइटमध्ये असतं
7. स्फटिक (क्वार्ट्झ): गारगोटी आणि बहुतेक वाळू
8. पुष्कराज
9. कुरुंद: माणिक, नीलम
10. हिरा

आपलं नख साधारण अडीचवर येतं, तांब्याचं नाणं 3 च्या आसपास, चाकूचं पातं आणि खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे घरातल्या चार वस्तू हाताशी असल्या की निम्मी पट्टी तयार!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे नंबर म्हणजे वर्गातला रँक आहे, मार्क नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात 1 मार्काचा फरक असू शकतो, नाहीतर 40 मार्कांचाही. 9 चा कुरुंद आणि 10 चा हिरा शेजारी-शेजारी दिसतात, पण यंत्रावर मोजलं तर हिरा कुरुंदाच्या जवळपास चौपट कठीण निघतो.

जे जिंकायचं होतं ते हरलं

मला मोसच्या आयुष्यातला पुढचा भाग सगळ्यात जास्त भिडला. त्याच्या दृष्टीने ही पट्टी हे फक्त हत्यार होतं. त्याचं खरं स्वप्न मोठं होतं. वनस्पतींचं वर्गीकरण जसं पानाफुलांवरून होतं, तसं सगळ्या खनिजांचं वर्गीकरण आकार, कठीणपणा आणि विशिष्ट गुरुत्व अशा बाह्य गुणांवरून करायचं. रसायनशास्त्राला त्यात त्याने जागाच ठेवली नाही. त्याच्या यादीत पाणी आणि वायूसुद्धा होते!

सुरुवातीला त्याला मानही मिळाला. वेर्नर 1817 मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी मोसला फ्रायबर्गला त्यांच्या जागी बोलावलं गेलं. ज्या वर्गात शिकला तिथेच गुरूच्या खुर्चीवर. 1826 पासून तो व्हिएन्नात प्राध्यापक होता. त्याचा शिष्य हायडिंगर याने त्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, तो 1825 मध्ये आला. अमेरिकेत जेम्स डेना यांनी 1837 मध्ये खनिजशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला तेव्हा मोसची पद्धत समोर ठेवली होती.

पण तोवर रसायनशास्त्र वेगाने पुढे निघालं होतं. स्वीडनचे बर्झेलियस खनिजांची विभागणी त्यांच्या घटकांवरून करत होते. शेवटी तीच पद्धत टिकली. 1850 च्या आवृत्तीत खुद्द डेना यांनीही मोसची वाट सोडली. आज खनिजांचं वर्गीकरण रासायनिक घटकांवरून आणि अणूंच्या रचनेवरून होतं.

हे बघायला मोस नव्हता. इटलीच्या प्रवासात, आगोर्दो या खाणींच्या गावात 29 सप्टेंबर 1839 रोजी तो वारला. वय 66. आयुष्यभर उभी केलेली व्यवस्था मागे पडली आणि तिच्यासाठी बनवलेलं हत्यार मात्र अजून प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बॅगेत आहे. मला वाटतं यात त्याचा पराभव कमी आणि उपयोग जास्त आहे. ग्राफाइट आणि हिरा दोन्ही शुद्ध कार्बन. नुसतं रसायन पाहिलं तर फरक कळणार नाही, पण ओरखडा पाडून पाहिला तर लगेच कळतो.

घरी करून बघा

आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार खडे सापडतात. ट्रेकला गेल्यावर पायाखाली पडलेला एखादा सुटा तुकडा मिळाला तर बघा. जुन्या काचेच्या तुकड्यावर त्याचं टोक दाबून ओढा (फोनवर नको!). मग ती रेघ बोटाने पुसा. पुसली गेली तर ती खड्याचीच भुकटी, म्हणजे खडा काचेपेक्षा मऊ. रेघ राहिली आणि नखाला लागली तर काच कापली गेली, आणि खडा बहुधा गारगोटी. मऊ निघाला तर त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर बहुधा कॅल्साइट. घरातल्या शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग का पडतो, तेही आता कळेल. ती चुनखडीच असते.

मग 9एच म्हणजे काय?

तो मोसचा 9 नाहीच. 9एच ही पेन्सिलची श्रेणी आहे, ड्रॉइंगच्या 2एच, 4एच पेन्सिली असतात ना, त्यातलीच. 9एच पेन्सिल ठरावीक दाबाने काचेवर ओढली आणि ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही परीक्षा साधी खिडकीची काचही पास होते. टेम्पर्ड ग्लास मोसच्या पट्टीवर 6 च्या आसपास येते, आणि अलिबागची वाळू 7. हिशोब सरळ आहे.

म्हणूनच खिशातल्या किल्ल्यांना फार घाबरू नका. पितळ काचेपेक्षा मऊ असतं. घाबरायचं ते धुळीतल्या आणि वाळूतल्या गारगोटीच्या कणांना. स्क्रीन पुसण्याआधी फुंकर मारून धूळ उडवा, मग कापड लावा. आणि कठीण म्हणजे न फुटणारं असंही समजू नका. हिऱ्यावर हातोडा मारला तर त्याचे तुकडे होतात, मग स्क्रीनचं काय.

टेम्पर्ड ग्लास मी आजही लावतो. कारण ओरखडा पडायचाच असेल तर तो शंभर-दोनशे रुपयांच्या काचेवर पडावा. फक्त 9 हा आकडा बघून आता जास्तीचे पैसे देत नाही.