डेव्हीचा दिवा

लॅबमध्ये बर्नरवर ठेवायची तारेची जाळी आपण रोज पाहतो. अशाच एका जाळीने खाणीतली ज्योत अडवणाऱ्या माणसाची ही ओळख.

हम्फ्री डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधील पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ मध्ये ते वारले, मागे कर्ज राहिले आणि हम्फ्री एका सर्जनकडे उमेदवारीला लागला. डिग्री वगैरे काही नाही. केमिस्ट्री पठ्ठ्या स्वतःच पुस्तकं वाचून, प्रयोग करून शिकला. १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने त्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले आणि त्याचं नाव सगळीकडे झालं.

२५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधील फेलिंगच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. कारण मिथेन आणि उघडी ज्योत. हवेत मिथेन साधारण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ज्योत पसरत नाही. १५ च्या वर गेला तर ऑक्सिजन कमी पडतो. मधला पट्टा जीवघेणा, आणि ९-१० टक्क्यांना दणका सगळ्यात जोरदार!

१८१५ मध्ये डेव्हीने खाणीतला वायू मागवून प्रयोग केले. अरुंद धातूच्या नळीतून ज्योत पलीकडे जात नाही, कारण धातू उष्णता शोषून घेतो, हे त्याला दिसलं. मग त्याने दिव्याभोवती बारीक जाळीच बसवली. वायू वाढला की आतली ज्योत लांबते, म्हणजे इशाराही मिळतो. या दिव्याचं पेटंट त्याने घेतलं नाही.

पण जॉर्ज स्टीफन्सननेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे दिवा बनवला होता. न शिकलेल्या मेकॅनिकला हे जमेल, यावर डेव्हीचा विश्वासच बसेना. स्वतः कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं वाईट वाटतं.

दुसरं दुःख मोठं. दिव्याच्या भरवशावर मालकांनी धोकादायक खाणीही उघडल्या. जाळी फाटली किंवा वारा जोरात आला की ज्योत बाहेर पडायची. अपघात थांबले नाहीत.

२९ मे १८२९ रोजी डेव्ही जिनिव्हात वारला. आज केमिकल प्लान्टमधल्या टाक्यांच्या व्हेंटवर जो फ्लेम अरेस्टर असतो, त्याचं तत्त्व हेच. फक्त एवढं लक्षात ठेवूया, की जाळी ज्योत अडवते, वायू नाही. वायू साठू न देणं हे आपलं काम.