लखनौच्या तटासमोरचा खलाशी : विल्यम हॉल

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. त्याच गुलामीतून निसटलेल्या एका दांपत्याच्या मुलाचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत. त्याच्या आयुष्यातील निर्णायक दिवस आपल्या देशात उगवला.

१८१२ साली ब्रिटन व अमेरिका यांच्यात युद्ध पेटले. त्या युद्धात जेकब व ल्यूसी हॉल हे ब्रिटिश जहाजांच्या आश्रयाने कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात पोहोचले. तेथे हॉर्टन या गावी विल्यम यांचा जन्म झाला. जहाजबांधणीच्या कारखान्यात काम, मग व्यापारी जहाजांवर खलाशीगिरी, काही काळ अमेरिकेचे नौदल आणि १८५२ पासून ब्रिटिश नौदल, असा त्यांचा प्रवास झाला. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात ते किनाऱ्यावर उतरून लढले.

पुढे ते कॅप्टन विल्यम पील यांच्या ‘शॅनन’ या युद्धनौकेवर होते. नौका चीनच्या मोहिमेवर निघाली होती. १८५७ च्या उठावामुळे ती कलकत्त्याकडे वळवण्यात आली. खलाशांनी जहाजावरच्या अवजड तोफा गंगेतून अलाहाबादपर्यंत नेल्या आणि तेथून खुष्कीच्या मार्गाने लखनौ गाठले.

१६ नोव्हेंबर १८५७. शाहनजफ हा नबाब गाझीउद्दीन हैदर यांचा मकबरा. त्याच्या जाड तटाआडून शिपायांच्या गोळ्यांचा वर्षाव चालला होता. तट फोडण्यासाठी तोफा अगदी जवळ आणल्या गेल्या. एका तोफेवर माणूस कमी पडताच हॉल स्वतःहून पुढे झाले. एकामागून एक गोलंदाज कोसळले; अखेर हॉल व जखमी लेफ्टनंट थॉमस यंग हे दोघेच उरले. तोफ भरायची, डागायची, धक्क्याने मागे सरकली की पुन्हा पुढे ढकलायची. तटाला खिंडार पडेपर्यंत हे थांबले नाही.

तटाच्या आत होते ते आपल्याच भूमीचे शिपाई. हे विसरून हॉल यांचे गुणगान करणे आम्हास योग्य वाटत नाही. परंतु ज्या निशाणाने त्यांच्या आईबापांना गुलामीबाहेर काढले, त्याच निशाणाखाली ते उभे होते. आपले पूर्वजही कंपनीच्या पलटणीत गेले, ते जिथे माणूस म्हणून उभे राहता येईल अशी जागा शोधतच. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली.

२८ ऑक्टोबर १८५९ रोजी आयर्लंडमधील क्वीन्सटाउन बंदरात हॉल यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. हे पदक मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. १८७६ साली निवृत्त होऊन ते गावी परतले आणि बहिणींसह लहानशी शेती करू लागले. १९०१ साली हॅलिफॅक्सला आलेल्या ब्रिटिश राजपुत्राचे लक्ष त्यांच्या छातीवरील पदकांकडे गेले, तेव्हा कोठे चार लोकांनी त्यांची चौकशी केली.

२५ ऑगस्ट १९०४ रोजी ते निवर्तले. लष्करी मानवंदना नाही, कबरीवर नावाचा दगडही नाही. तशीच चार दशके गेली. त्यानंतर हँट्सपोर्ट येथे त्यांचे अवशेष पुन्हा दफन करून स्मारक उभारण्यात आले. २०१० साली कॅनडाने त्यांचे टपाल तिकीट काढले, आणि तेथील नौदलाच्या एका गस्ती नौकेला आज विल्यम हॉल हे नाव आहे.